सहीसाठी आलेला फोन

बारामती, २ जून २०२५

संघपाल,

'प्रिय' लिहायला गेले आणि हात चालेना, म्हणून नुसतंच संघपाल. माझा नंबर तू ब्लॉक करून ठेवलास, म्हणून हा कागद. मेघनाच्या फोनवर बोलता आलं असतं, पण तुझ्या वाट्याचं तिला का ऐकवू? तुझ्याशी संसार करतेय, तेवढी शिक्षा तिला पुरे आहे.

रिपोर्ट आला. आपण दोघं जुळतो, दहापैकी दहा. हॉस्पिटलच्या बाईनं फोनवर माझं अभिनंदनसुद्धा केलं, जसं काही माझं लग्नच जमलंय. सख्ख्या भावंडांत चारातून एकदा असं जुळतं म्हणे. साडेपाच वर्षं आपलं एका शब्दावर जुळलं नाही आणि रक्त बघ कसं शहाण्यासारखं जुळून बसलंय.

डॉक्टरांनी तुला काय समजावलं मला ठाऊक नाही. मीच समजावते. याच विषयात मी पुण्याच्या प्रयोगशाळेत सहा वर्षं घातली आणि आता बारामतीत अकरावीच्या वर्गाला बेडूक शिकवते, तेव्हा निदान एका माणसाला तरी त्या सहा वर्षांचा उपयोग होऊ दे. मटणातली नळी तू ताटावर आपटून चोखतोस ना, तिच्यातल्या मगजासारखा मगज तुझ्याही हाडांत असतो. त्यात मूळपेशी राहतात. सगळं रक्त त्यांच्यापासून तयार होतं. त्यातल्या काहींची होते एक भली मोठी पेशी, आणि तिच्यापासून प्लेटलेट. कुठं कापलं, खरचटलं, तर रक्त थांबवायला धावतात त्या. तुझ्या मूळपेशी मेल्यात. नळीत नुसती चरबी उरली आहे. म्हणून तुझ्या प्लेटलेट नऊ हजार, आणि माझ्या दोन लाख साठ हजार.

त्या मोठ्या पेशीची एक गंमत सांगते. बाकीच्या पेशी वाढल्या की दोन होतात, आपापला वाटा घेऊन वेगळ्या राहतात. ही वाढते, आतला ऐवज दुप्पट करते, चौपट करते, सोळापट करते, पण वाटणी काही करत नाही. सगळं आपल्याच पोटात. वर्गात फळ्यावर तिचं चित्र काढताना मला दर वेळी तू आठवतोस. पुढं मात्र ती तुझ्यासारखी राहत नाही. पुरती भरली की रक्तवाहिनीच्या भिंतीतून लांब धागे आत सोडते आणि स्वतःचे हजारो तुकडे करून वाटून टाकते. त्याच प्लेटलेट. तिचं स्वतःचं काही मागं राहत नाही.

२०१९ च्या डिसेंबरची गोष्ट तुझ्या लक्षात असेलच, तरी लिहिते. आबा जाऊन दोन महिने झाले होते. प्रयोगशाळेत माझ्या पेशी नवव्या दिवसावर होत्या. दहाव्या दिवशी सकाळी त्यांना खाऊ घालून फोटो काढले नाहीत तर सगळं वाया. तू फोन केलास, "ताई, वारसनोंद हाय, एका सहीचं काम, दुपारपतूर मोकळी करतो." मी पहाटेची एसटी धरून इंदापूरला आले. कचेरीतल्या साहेबानं विचारलंसुद्धा, समजून सही करताय ना? मी घड्याळाकडे बघत होय म्हटलं. परतीच्या गाडीत तू मला डाळिंबं दिलीस. वारसनोंद नव्हतीच ती. हक्कसोड होतं. कळसची कॅनॉलकडची दीड एकर आबांनी माझ्या नावानं ठेवायची म्हटलेली, ती मी तुला सोडून दिली, आणि वर डाळिंबं खात पुण्याला गेले.

आता माझी अट ऐक. जमिनीचा दावा मी लावलाय, ते कोर्ट बघेल. मला एक वाक्य पाहिजे. कळसच्या विहारात, पौर्णिमेची वंदना झाली की, सगळ्यांसमोर उभा राहा आणि म्हण, "मी ताईला वारसनोंद सांगून हक्कसोडावर सही घेतली." एवढंच. डॉक्टर गर्दीत जाऊ नको म्हणतील. तोंडाला फडकं बांधून जा. वाक्य बोललास की दुसऱ्या दिवशी मी हॉस्पिटलात, माझ्या मूळपेशी तुला द्यायला.

आणि तुझ्या वकिलाच्या माणसाला आवर. मी कॉलेजात असताना दावा मिटवायला घरी फोन करतो, "भावासाठी संमतीपत्रावर सही द्या, तारीख जवळ आली" म्हणून आईचं डोकं खातो. मी आईला पढवून ठेवलंय, भावासाठी सही मागणारा कुणीही असो, सरळ नाही म्हणायचं आणि फोन ठेवायचा.

ताई


बारामती, १९ जून २०२५

संघपाल,

पौर्णिमा होऊन आठ दिवस झाले. कळसहून तुमच्या शेजारच्या बानूबाईचा फोन होता. विहारात तू नव्हतास, मेघना नव्हती, तुमच्या घराला कुलूप आहे म्हणाली. पत्राचं उत्तरही नाही. तुझा ताठा बघून कौतुक वाटतं. अंगात रक्त नाही, पण पीळ भरपूर.

आता तुला काय होत असेल ते मी इथं बसून सांगू शकते. सकाळी उशीवर रक्ताचे डाग. ब्रश बंद केला असेल, नुसती चूळ. पायावर लाल बारीक ठिपके, ढेकूण चावल्यासारखे. दर तिसऱ्या दिवशी कुणातरी परक्या माणसाच्या प्लेटलेटची पिवळट पिशवी चढवत असतील. आधी त्या पिशवीनं आकडा वर जात असेल, आता तेवढा जात नसेल. शरीर परक्याला ओळखायला लागतं. माझ्या पेशींना ते परकं म्हणणार नाही, इतके आपण जुळतो. ही गोष्ट तुला झोप लागत नसेल तेव्हा आठवत जा.

मी नाही म्हटलेलं नाही, हे ध्यानात ठेव. मी वाट बघतेय. लहानपणी तू माझी पाटी लपवायचास आणि मी रडेपर्यंत द्यायचा नाहीस. आबा म्हणायचे, पोरगं खेळकर हाय. मीही खेळकर आहे असं समज.

आई बरी आहे. तुझ्या आजाराचं तिला अर्धंच सांगितलंय, अशक्तपणा आहे म्हणून. हल्ली ती फोनवर फार जोरात बोलते. मध्ये कुणालातरी ठणकावून "सही मिळणार न्हाय" म्हणाली. कोर्टाचं काहीतरी असेल.

पुढची पौर्णिमा दहा जुलैला आहे. तेव्हा तुला उभं राहता येणार नाही कदाचित. बसून बोललास तरी चालेल.

ताई


बारामती, २३ जुलै २०२५

संघपाल,

काल मेघना घरी आली होती. ती तुला सगळं सांगेल, तरी माझ्याकडून लिहायला हवं.

मी कॉलेजातून आले तेव्हा ती सोफ्याच्या कडेवर बसली होती. आईनं चहा पुढं केला, तिनं कपाला हात लावला नाही. मला म्हणाली, "ताई, मी पाया पडायला आले. तुमी न्हाय म्हणलात ते फिरवा. औषधानं काय फरक न्हाय. बाहेरचा कोण जुळत न्हाय."

मी म्हटलं, "मी कधी नाही म्हटलं?"

"जूनच्या अकराला. हॉस्पिटलच्या बाईनं तारीख ठरवायला फोन केला, तुमच्याच घरनं न्हाय सांगितलं. तिनं लिवून ठेवलंय, दात्याचा नकार. आमी कागद बघितला की."

मग आईच मध्ये बोलली. बोलता बोलता तिचा आवाज बसत गेला. "म्याच घेतला हुता त्यो फोन. ती बया म्हणली, भावासाठी संमतीपत्रावर सही पायजे, तारीख ठरवायची हाय. मला वाटलं वकिलानं आता बाई ठेवली. म्या म्हणलं, तेजश्री सही देनार न्हाय, फिरून फोन करू नगं. आन् ठिवला की गं फोन." मग ती मेघनाकडे बघून म्हणाली, "त्येला रगत द्यायची सही हुती व्हय ती?"

मेघना उठली आणि चपला घालून निघून गेली. आई खालीच बसली. तेव्हापासून तिनं भाकरी खाल्लेली नाही, नुसतं पाणी.

तेव्हा झालं ते असं झालं. वकील सही मागतो, हॉस्पिटल सही मागतं, दोघांच्या कागदाचं नाव संमतीपत्र, दोघांची तारीख, दोन्ही भावासाठी. आईला कुणी सांगितलं होतं वेगळं ओळखायला? मी तिला पढवलं तसं ती बोलली. म्हाताऱ्या माणसाची चूक आहे. तिच्यावर रागावू नकोस.

मी आज सकाळीच त्या बाईला फोन करून नकार खोडायला सांगितलं. सोमवारी येते. वाक्याचं आपण नंतर बघू.

ताई


पुणे, २ ऑगस्ट २०२५
हॉस्पिटलच्या कँटीनमधून

संघपाल,

तू तिसऱ्या मजल्यावर आहेस आणि मी तळमजल्यावर. पाच दिवस झाले. माझी छाती, यकृत, रक्त, सगळं तपासून झालं. माझी सही झाली, चार ठिकाणी. या वेळी प्रत्येक ओळ वाचून केली. आता फक्त तुझी सही राहिली आहे आणि तू म्हणतोस, तिचं नको.

डॉक्टर म्हणाले, पेशंट शुद्धीवर आहे, त्याच्या सहीशिवाय आम्ही काही सुरू करू शकत नाही. मेघनाला तीनदा वर पाठवलं. ती येते, मान हलवते आणि जाते. माझ्याशी बोलत नाही. तिनं बोलावं असं मी काही केलेलंही नाही.

मला राग येतोय तुझा, खोटं कशाला बोलू. मरायला निघालास तरी माझ्यावर कुरघोडी करायची सोडत नाहीस. कर. जिंकलास असं समज. दावा मी मागं घेतला. माझ्या वकिलाला काल सांगितलं, सोमवारी अर्ज देतोय. कॅनॉलकडची दीड एकर तुझी. ते वाक्य मला नको, विहारात नको, कानात नको. मी ते मागायलाच नको होतं. तू खोटं बोललास हे मला माहीत आहे आणि तुला माहीत आहे, तिसऱ्याला कशाला पाहिजे होतं?

ऐक. माझ्या पेशी तुझ्या अंगात गेल्या की कुणी न सांगता आपल्या आपण हाडांत जाऊन बसतील. त्यांना वाट माहीत असते. तिथं त्या वाढतील, त्यातून मोठ्या पेशी होतील, मग प्लेटलेट. तू आयुष्यभर माझ्याशी बोललास नाहीस तरी त्या काम करतील. रक्षाबंधनाला मला ओवाळणी नको, दारात उभं करू नकोस, चालेल मला.

मी भीक मागतेय, संघपाल. हे वाचून तुला बरं वाटत असेल तर दोनदा वाच. पण सही कर.

ताई


कळस, १२ ऑगस्ट २०२५

तेजश्रीताई यांस,

काल ह्यांचा जलदान विधी झाला. तुमी मागं खांबाजवळ उभ्या होत्या, मी बघितलं. आई हितंच माझ्यापाशी हायत. दोन घास खातात.

मला पत्र लिहायची सवय न्हाय. तुमची पत्रं मात्र सगळी मीच वाचलीत. ह्यांच्या डोळ्यात आतनं रक्त उतरलं होतं, अक्षर दिसत न्हवतं. म्हणून मी कॉटजवळ बसून वाचून दाखवायची. नऊ हजार आन् दोन लाख साठ हजार, उशीवरचे डाग, समदं माझ्या तोंडानं त्यांनी ऐकलं. पाटीचं वाचलं तेव्हा हसले होते. मग हिरड्यातनं रक्त आलं. हॉस्पिटलला न्हाय सांगता आन् आमाला लिवता, "मी नाही म्हटलेलं नाही", ते ऐकून ह्ये म्हणले, ताई खेळतीय माझ्याशी.

आता मला जे सांगायचं हाय ते सांगते.

सही त्यांनी दोन तारखेला दुपारीच केली होती. तुमचं कँटीनमधलं पत्र वाचून संपलं आन् म्हणले, कागद आन. मुठीत पेन धरून केली. मला म्हणले, "ताई म्हणती ते खरं हाय. वारसनोंद म्हणूनच फसवलं मी तिला. सांग जा खाली." मी जिना उतरले. तुमी काचेतनं दिसत होत्या, बिस्कीट बुडवून खात होत्या. मला काय झालं काय म्हायती. मी म्हणलं, आमी दोन महिने वाट बघितली, ह्या बाईला एक दिवस बघू दे. कागद पिशवीत ठेवला आन् वर गेले. ह्यांना सांगितलं, दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्यांचं डोकं दुखायला लागलं. साडेसातला बोलायचं बंद झाले. मेंदूत रक्त गेलं म्हणले. त्यातच गेले. तुमी खालीच होत्या.

कागद अजून पिशवीतच हाय. मी कुणाला सांगितलेलं न्हाय. आईंना पण न्हाय. त्या रोज म्हणतात, माझ्या एका फोननं पोरगं गेलं, आन् मी त्यांच्याकडं बघून मनात म्हणते, न्हाय, माझ्या एका दिवसानं गेलं. तुमी ह्यातल्या शिकलेल्या हाय. खरं सांगा. तो कागद मी त्याच दुपारी दिला असता तर ते राहिले असते का?

मेघना


बारामती, १७ ऑगस्ट २०२५

मेघना,

तुझं पत्र मिळाल्याला तीन दिवस झाले. पहिल्या दिवशी मी उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. तुला बसू दे म्हटलं त्या एका दिवसाखाली जन्मभर. मी कशी आहे हे तुला माहीत आहे, म्हणून लपवत नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर, नाही. राहिला नसता. कागद त्या दुपारी दिला असता तर दुसऱ्या दिवशी फाईल पुढं गेली असती. मग त्याच्या शरीराची तयारी करायला औषधं, आठवडाभर. मला इंजेक्शनं, चार-पाच दिवस. मग पेशी त्याच्या अंगात. हाडांत पोचायला त्यांना दिवस लागत नाही, पण मूळपेशीची मोठी पेशी व्हायला आणि तिच्या प्लेटलेट सुटायला दहा-बारा दिवस लागतात. मी सहा वर्षं हेच मोजत होते, यात मला कुणी चूक दाखवू शकणार नाही. ऑगस्टच्या वीस-बावीस तारखेच्या आधी माझी एक प्लेटलेट त्याच्या रक्तात दिसली नसती. तो तीन तारखेला गेला. तुझा दिवस त्यात कुठंच बसत नाही. पिशवीतला कागद जाळ किंवा ठेव, त्यानं काहीही बदललं नसतं.

अकरा जूनला तारीख ठरली असती तर मात्र जुलैच्या पहिल्या आठवड्यात त्याचं रक्त थांबायला लागलं असतं. अकरा जून ते बावीस जुलै, एक्केचाळीस दिवस. ते तुझे नाहीत. आणि आता जे लिहितेय ते मी त्याला लिहिलं नाही, तुला घरी तोंडावर सांगितलं नाही, वकिलालासुद्धा माहीत नाही.

तो फोन आला त्याच संध्याकाळी आईनं मला सांगितलं होतं. मी चपला काढत होते. ती मोठ्या ऐटीत म्हणाली, "आज वकिलाच्या बयेला असं झापलं म्हनतीस! सही पायजे म्हनं. कसल्या पेशी, कसल्या प्लेटी, कायबाय बोलत हुती. म्या म्हणलं, न्हाय म्हंजे न्हाय."

वकिलाकडची बाई प्लेटलेट म्हणत नाही. मला चपला काढून होईपर्यंत कळलं होतं तो फोन कुठला होता.

मी हात धुतले. आईनं वाढलं, मी जेवले. उद्या सकाळी पहिला तास नाही, तेव्हा फोन करून सांगू असं ठरवलं. सकाळी मनात आलं, राहू दे चार दिवस. मी नाही म्हटलंय असं त्याला वाटू दे, घाबरेल, वाक्य बोलेल. दोष आईच्या ऐकण्यावर जाईल, माझ्यावर काही नाही. चार दिवसांचे आठ झाले. आठव्या दिवशी मी ते दुसरं पत्र लिहिलं, त्यात कोर्टाचं काहीतरी असेल असं लिहिलं, आणि आपण किती हुशारीनं लिहिलं म्हणून पाकीट चिकटवताना मला बरं वाटलं. तू बावीस जुलैला आली नसतीस तर मी आणखी किती दिवस जाऊ दिले असते, मला सांगता येत नाही. त्या दिवशी तुझ्यासमोर आईचा आवाज बसत गेला तेव्हा मी आश्चर्य वाटल्यासारखं तोंड करून उभी होते.

त्यानं फसवलं तेव्हा माझी दीड एकर गेली. मी काय केलं ते तू आता वाचलंसच.

आईला वाटतं तिच्या फोननं पोरगा गेला. बावीस जुलैपासून सव्वीस दिवस झाले, ती चूक आपलीच समजून दोन घास खातेय. परवा मी तिला घ्यायला कळसच्या रस्त्यापर्यंत आले होते, वळणावरून परत गेले. तिच्यासमोर माझं तोंड उघडणार नाही. तिला वाचता येत नाही. तू तिला हे पत्र वाचून दाखव, चपलांपासून जेवणापर्यंत सगळं, आणि ती रडायला लागली तरी मध्ये थांबू नकोस.

तेजश्री